कातरणीच्या आधी

अजून चौदा महिने आहेत, असं मी म्हटलं
तेव्हा वॉशिंग्टन ओलिव्हेरा हसला.
(भावाचं नाव नेल्सन.
बापाला मोठ्या नावांची हौस होती, खिसा रिकामा.)
"चौदातून कातरणी वजा कर," म्हणाला,
"कातरणीत त्या पेटीला कुणी हात लावत नाही."

वजा केली.
सप्टेंबर ते डिसेंबर लोकर येते,
पायसान्दूच्या आमच्या गोदामात छपरापर्यंत गाठोडी,
आणि मेंढीच्या तेलाचा वास पावत्यांनासुद्धा.
जानेवारीत मालकीणबाई समुद्रावर.
मार्चात हिशेबतपासनीस.
उरला हा हिवाळा, जून-जुलै.
चौदा महिन्यांचे निघाले नऊ आठवडे.

सर्व्हर मागच्या खोलीत, तराजूच्या जुन्या वजनांशेजारी.
एकोणीस वर्षं. पंखा दोनदा बदललेला.
त्याच्या आतलं सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं पत्र आलं:
पुढच्या जूननंतर ठिगळ नाही, दुरुस्ती नाही,
फोन उचलायला कुणी नाही.
सभ्य पत्र होतं, मयताच्या पत्रासारखं,
फक्त तारीख पुढची.

"चालतंय ना?" मालकीणबाई एत्चेवेरी म्हणाल्या. "मग?"
"चालतंय तोवरच बदलता येतं, सेन्योरा.
बंद पडल्यावर फक्त रडता येतं."
त्यांनी चष्मा पुसला,
मागितल्याच्या निम्म्या रकमेवर सही केली.

मग आम्ही लिहायला बसलो, तो काय काय करतो.
वजनं. प्रती. तंतूची जाडी.
कुणाचे किती देणे, कुणाची किती उचल.
आणि पहाटे दोन चाळीसला
आत काहीतरी उठतं,
अकरा ओळी कुठेतरी पाठवतं,
परत झोपतं.
नाव: नेली-दोन.
ते लिहिणारा पोरगा केव्हाच स्पेनला गेला.
कुणाला काही ठाऊक नाही.

"बंद करून बघ," वॉशिंग्टन म्हणाला,
"ज्याचं दुखेल तो ओरडेल."

पहिला दिवस शांत.
दुसरा.
तिसऱ्या दिवशी ओरडणं नाही, एक दबका आवाज फोनवर:
"मी नेलिदा, ताम्बोरेसहून.
भाव आले नाहीत. तुमच्याकडे सगळे
बरे आहेत ना?"

तिच्या दुकानात फॅक्स आहे.
रोज सकाळी अकरा भाव ती खडूने
दारातल्या पाटीवर उतरवते,
आणि माणसं घोड्यावरूनच वाचून पुढे जातात.
"हे तीन दिवस," म्हणाली,
"जुनेच आकडे पुसून पुन्हा लिहिले.
पाटी शिळी दिसू नये म्हणून."

त्याच क्षणी चालू केलं.
आता आराखड्यात पहिल्या ओळीत ती आहे,
वजनांच्या वर, मालकीणबाईंच्याही वर.
नव्या यंत्राला फॅक्स म्हणजे काय ते माहीत नाही.
मोबाइल घ्या म्हटलं, तर रेंज येते
पवनचक्कीच्या शिडीवर, सातव्या पायरीला.
नेलिदा एकोणऐंशीची.
तो रकाना अजून कोरा.

कोरा आणखी एक आहे.
ऑगस्टात वॉशिंग्टन निवृत्त होतो.
काल कागदावर बोट फिरवत तो खालपर्यंत आला,
येर्बाचा कडू घोट घेतला, विचारलं:
"यात मी कुठे?"
मी म्हटलं, तू माणूस आहेस,
हलवायच्या वस्तूंत तुला कसं लिहू?
"मग ते सगळं," त्याने कपाळावर टिचकी मारली,
"कशावर भरून नेणार?"

आजपासून रोज सकाळी सात ते आठ.
मागच्या खोलीत दोन खुर्च्या, गरम पाण्याचा थर्मास,
माझी रेघांची वही.
बाहेर धुकं, गोदाम रिकामं,
मेंढ्या अजून आपली लोकर पाठीवर घेऊन
कुठेतरी गारठ्यात उभ्या.

"कुठून सुरू करू?"
पंखा फिरतोय, जरा खरखरत.
"त्याच्यापासूनच," मी म्हणते.
"पहिला का गेला होता?"